चामड्याच्या किल्टला खिसा कुठे असावा?

चामड्याच्या किल्टच्या जाहिराती पाहिल्या, तर नजर आधी खिशांवर जाते. दोन्ही मांड्यांवर मोठे चौकोनी खिसे, त्यांना झाकणे, झाकणांवर बक्कल, कोपऱ्यांत चकचकीत रिव्हेट. सैनिकी विजारीचा तो कार्गो खिसा जसाच्या तसा उचललेला असतो. फोटोत तो रुबाबदार दिसतो, पण माझ्या मते बहुतेक वेळा तो चुकीच्या जागी असतो. अशा किल्टमध्ये खिशाचे वजन कमरपट्टीपर्यंत कसे पोचणार, हे कातडे कापण्याआधी ठरवावे लागते. ते न ठरवता शेवटी वरून शिवलेला खिसा किल्टचा घेर बिघडवतो आणि कातडेही ओढून सैल करतो.

मुळात स्कॉटलंडचा लोकरी किल्ट बिनखिशाचा. एखादा शिंपी वरच्या पदराआड लहानसा चोरखिसा देतो, तेवढेच. मागे शिवलेल्या निऱ्या, पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर, उजव्या कमरेवर बक्कल, आणि चीजवस्तूंसाठी पट्ट्याला किंवा साखळीला अडकवून पुढे लोंबणारी चामडी पिशवी, म्हणजे स्पोरन. धोतर नेसणाऱ्याने पैसे कनवटीला लावावेत किंवा कमरेला कसा बांधावा, त्यातलाच हा प्रकार. वस्त्राला खिसा नसला की वजन कमरेला जाते. स्पोरनकडे आज समारंभी दागिना म्हणून पाहिले जाते, पण रचनेच्या दृष्टीने तो फार शहाणा तोडगा आहे. त्याचा भार हाडांवर टेकलेला पट्टा उचलतो आणि किल्टच्या कापडाला त्याची झळ लागत नाही. १७४६च्या कायद्याने डोंगरी पोशाखावर बंदी आली आणि १७८२मध्ये ती उठली. पुढे १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी त्याच पोशाखाचा थाट मांडला. एवढ्या घडामोडींत किल्टचे रूप पुष्कळ पालटले. भार कमरेवर ठेवण्याची सोय मात्र कुणी मोडली नाही.

ती मोडली अलीकडे. एडिंबरामध्ये हॉवी निकल्सबी यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या ट्वेन्टीफर्स्ट सेंच्युरी किल्ट्सने डेनिम, चामडे अशा साहित्यात रोज वापरायचा किल्ट आणला. सिअ‍ॅटलमध्ये २०००मध्ये उभी राहिलेली यूटिलिकिल्ट्स कारागिरांसाठी जाड सुती कापडाचे, मोठ्या खिशांचे किल्ट विकू लागली. जाड सुती कापडात तो खिसा बऱ्यापैकी चालतो, कारण उभ्या-आडव्या धाग्यांची वीण ओढ वाटून घेते. गोंधळ होतो तो हाच आराखडा चामड्यावर उतरवताना.

चामड्याला वीण नसते. पाठीच्या कण्यालगतचे कातडे घट्ट, पोटाकडचे सैल आणि ताणले जाणारे. एकाच कातड्यातून कापलेले दोन तुकडेही सारखे वागत नाहीत. शिवाय वजन. पारंपरिक किल्टला सुमारे ८ यार्ड, म्हणजे ७.३ मीटर कापड लागते. लांबी ६० सेंटिमीटर धरली तर हे क्षेत्रफळ होते जवळजवळ साडेचार चौरस मीटर. एक मिलिमीटर जाडीचे कपड्याचे चामडे चौरस मीटरला पाऊण ते एक किलो भरते, तेव्हा तेवढ्या घेराचा चामडी किल्ट चार किलोंच्या आसपास जाईल आणि मोठ्या जनावराचे जवळजवळ अख्खे कातडे खाईल. म्हणून चामड्यात निऱ्या कमी आणि रुंद घेतात, बहुधा बॉक्स प्लीट, आणि पट्ट्या जोडून सांधे निऱ्यांच्या पोटात लपवतात. गरम इस्त्रीने घडी बसवता येत नाही, चामडे आकसून कडक होते. घडी सोल्युशनने चिकटवायची, हातोडीने दाबायची, मग कडेने शिवण मारायची. प्रत्येक निरीत तीन थर येतात. त्यावर खिशाचे कातडे, वळवलेली कड आणि झाकण चढले, की रापीने कडा कितीही तासल्या तरी सहा-सात मिलिमीटरचा ठोकळा होतो. निरी तिथे उघडत नाही, मिटतही नाही.

विजारीचा खिसा निभावतो त्यामागे एक कारण आहे, ते सहसा कुणी बोलून दाखवत नाही. विजारीची नळी मांडीला लपेटलेली असते, त्यामुळे खिशातल्या वस्तूला पायाचा आधार मिळतो. किल्ट कमरेपासून मोकळा लोंबतो. फोन, किल्ल्या आणि पाकीट मिळून अर्धा किलो सहज होते. ते मांडीच्या उंचीवर मोकळ्या घेराला अडकवले की पावलागणिक झोके घेते आणि पायावर आपटते. खिसा जितका खाली, तितका झोका मोठा. उजव्या बाजूला तर वरच्या पदराची कड सुटीच असते. तिच्याजवळ खिसा लावला तर तो पदर ओढून उघडाच करतो. मागच्या निऱ्यांवर लावावा, तर किल्ट घालणारा बसताना निऱ्या हाताने सावरून खाली घेतो, म्हणजे किल्ल्यांवरच बसणे आले. उरतो तो कमरेखालचा सुमारे २० सेंटिमीटरचा पट्टा, जिथे निऱ्या शिवून बंद केलेल्या असतात. खिशाचे सगळे वजन तिथेच सामावले पाहिजे.

यावर ठरलेले उत्तर असते: रिव्हेट ठोका, फाटणार नाही. या उत्तराला इतिहासाचा आधार आहे. जेकब डेव्हिस या शिंप्याने लेव्ही स्ट्रॉससोबत १८७३मध्ये पेटंट घेतले, ते खिशांच्या कोपऱ्यांत तांब्याचे रिव्हेट बसवण्याचेच. खिसा आधी वरच्या दोन कोपऱ्यांत दगा देतो, हे त्याने अचूक हेरले होते. पण त्याचे कापड विणलेले होते. चामड्यात सुईने पाडलेले भोक बुजत नाही. टाके फार जवळ घातले तर ती ओळ टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाडायला सोपी होते, म्हणून चामड्याचे कारागीर टाका तीन-चार मिलिमीटरचा ठेवतात. रिव्हेट हे तर आणखी मोठे भोक. तो फाटणे रोखतो, ताणणे रोखत नाही. काही महिन्यांनी रिव्हेट जागेवर असतो आणि त्याच्याभोवतीचे कातडे पोक काढून लोंबत असते. तांब्या-पितळेच्या रिव्हेटवर चामड्यातल्या तेलाने हिरवट थर चढतो, तो वेगळाच. जाड चामडे घ्या, असेही सुचवले जाते. तसे केले तर खिसा टिकेल, पण निऱ्या पडणार नाहीत. मग तो किल्ट कसला, तो पत्र्याचा घेर.

मला पटणारी रचना अशी: खिशाचे तोंड बाजूच्या सांध्यात किंवा बंद निरीच्या कडेला ठेवावे आणि आतली पिशवी जाड सुती ट्विलची करावी. तिच्या वरच्या कडेपासून न ताणणारी सुती पट्टी थेट कमरपट्टीत शिवून टाकावी. मग फोनचे वजन कापड पेलते, कापड ते कमरपट्टीला देते आणि बाहेरच्या चामड्याला फक्त दिसायचे काम उरते. चांगल्या सुटाच्या विजारीत खिशाची पिशवी पुढे चेनपर्यंत नेऊन शिवतात, तीही ओढ वाटण्यासाठीच. सपाट भागातच तोंड कापायचे असेल, तर इथे चामड्याचा एक गुण कामी येतो: त्याची कड उसवत नाही. मोटारसायकलच्या जॅकेटमध्ये असते तशी खिडकी कापून मागून चेन बसवता येते. फक्त कापाच्या दोन्ही टोकांना आधी पंचने गोल भोक पाडावे, म्हणजे चीर पुढे धावत नाही, आणि मागे चामड्याची पातळ ठिगळपट्टी चिकटवावी. हे सगळे अस्तर लावण्याआधी करायचे असते, आणि चुकले तर उसवून पुन्हा करण्याची सोय नाही.

मग स्पोरन काय वाईट होता, असा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. चार तासांच्या लग्नासाठी काहीच वाईट नाही. दिवसभर वापरायचा किल्ट असेल तर मात्र अडचणी येतात. स्पोरन नेमका मांड्यांच्या मधोमध असतो, गाडी चालवताना किंवा टेबलाशी बसताना तो बाजूला सारावा लागतो, जिन्यावर उडतो. आजचा मोठा फोन पारंपरिक मापाच्या स्पोरनमध्ये कसाबसा मावतो. तरी त्याच्यातले तत्त्व उचलण्याजोगे आहे, आणि काही कारागिरांनी ते उचललेही आहे: कमरपट्ट्याला बटणांच्या पट्ट्यांनी अडकवलेले, काढता-घालता येणारे बाजूचे खिसे. भार कमरेवर राहतो, खिसा फाटला तर तेवढाच बदलता येतो आणि समारंभाला काढून ठेवता येतो.

या काढत्या खिशांवरचा आक्षेपही खरा आहे. खालचे टोक मोकळे राहिले तर खिसा चालताना हलतो आणि चामड्यावर चामडे घासून किल्टचा रंग त्या चौकोनापुरता उडतो. टोक बटणाने किल्टला अडकवले, तर चामड्यात पुन्हा भोक आले. मधला मार्ग म्हणजे खिसा उंचीला आखूड ठेवून त्या २० सेंटिमीटरच्या पट्ट्यातच संपवायचा आणि त्याच्या पाठीला चामड्याऐवजी मऊ कापड लावायचे. त्यात पाण्याची बाटली मावणार नाही, आणि फोटोत तो मांडीवरच्या कार्गो खिशाइतका भरदार दिसणार नाही. विकत घेणाऱ्याने तरी समोरच्या फोटोवर न थांबता कमरपट्टीची आतली बाजू दाखवायला सांगावी. पिशवीपासून वर जाणारी पट्टी तिथे दिसली नाही, तर त्या खिशांत रुमालाहून जड काही ठेवू नये.