गोदावरीचे पाणी : वाटप झाले, नियोजन केव्हा?

पाऊस अपुरा पडलेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात एक ठरावीक दृश्य दिसू लागते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे काढले जातात, नदीकाठच्या पंपांची वीज तोडली जाते, धरणांवर पोलीस पहारा बसतो आणि नाशिक व नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांतील धरणांचे पाणी कोरड्या पात्रातून पैठणच्या जायकवाडी जलाशयाकडे सोडले जाते. पाणी जाते म्हणून वरच्या भागात मोर्चे, पाणी पुरेसे येत नाही म्हणून खालच्या भागात मोर्चे, आणि दोन्हीकडची मंडळी न्यायालयाच्या पायरीवर. २०२३ साली जायकवाडीसाठी सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा याहून निराळे काही घडले नाही. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. एवढ्या पाण्याचा प्रश्न पोलीस बंदोबस्तात सोडवावा लागतो, याचा अर्थ त्याचा विचार त्यापूर्वी वर्षभर कोणी केलेला नसतो.

या तंट्याचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. कावेरी किंवा कृष्णेप्रमाणे हा दोन राज्यांमधील तंटा नाही. बच्छावत लवादाने १९८० साली अंतिम केलेल्या गोदावरी निवाड्यानुसार गोदावरीवर पैठणपर्यंत आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचे सर्व पाणी वापरण्याची महाराष्ट्राला मुभा आहे. म्हणजे ब्रह्मगिरीपासून पैठणपर्यंत नदी एक, राज्य एक, सरकार एक आणि खातेही एकच. तरीही तंटा आहे.

त्याची मुळे जुनी आहेत. दारणा धरण १९१६ साली आणि प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. दुष्काळी मुलुखाला आधार म्हणून खोदलेल्या या कालव्यांवर लवकरच ऊस आला. पुढे १९५०-५१ च्या सुमारास प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले आणि त्या भागाची सारी अर्थव्यवस्था कालव्याच्या आवर्तनावर बेतली गेली. तिकडे मराठवाड्याला सिंचनाचे मोठे साधन असे नव्हतेच. जायकवाडीची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. एकूण सुमारे १०२ टीएमसी क्षमतेचा हा नाथसागर आखताना वरच्या खोऱ्यात किती पाणी अडेल, याचा अंदाज धरलेला होताच. पण वर नवी धरणे, बंधारे आणि उपसा योजना वाढत गेल्या. प्रत्येक प्रकल्पाला मान्यता देताना त्या प्रकल्पापुरता हिशेब तपासला गेला. सर्वांची बेरीज मात्र कोणाच्या टेबलावर आली नाही. नदीला ती बेरीज करावीच लागते, आणि ती पैठणला दिसते.

ही बेरीज कायद्यात आणण्याचा पहिला गंभीर प्रयत्न २००५ सालच्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने केला. टंचाईची झळ खोऱ्यातील सर्वांना सारखी बसावी, यासाठी खरिपातील वापर धरून प्रत्येक धरणातील उपयुक्त पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर जवळपास समान राहील अशा रीतीने साठे नियंत्रित करावेत, असे त्याचे कलम १२(६)(ग) सांगते. हे तत्त्व न्याय्य आहे यात शंका नाही, आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटप उचलून धरले. मेंढेगिरी समितीने २०१३ साली त्यासाठी सूत्रही बांधून दिले. अंमलबजावणीत वितुष्ट आले तरी वरच्या पाण्यावर खालच्यांचाही हक्क आहे, ही गोष्ट मराठी प्रदेशात प्रथमच कायद्याच्या भाषेत लिहिली गेली, हे त्याचे श्रेय विसरता येणार नाही.

परंतु समान टक्केवारी हे फार तर भांड्यांचे माप झाले. भांड्यातले पाणी पुढे कशासाठी आणि किती काटकसरीने वापरले जाते, याबद्दल ते मूक आहे. शिवाय ते वर्षातून एकदाच घेतले जाते. सिंचनाचे वर्ष १ जुलैला सुरू होते. ऑक्टोबरच्या मध्यावर रब्बी सुरू होईपर्यंत लावणीचे निर्णय झालेले असतात, कारखान्यांनी उसाच्या नोंदी केलेल्या असतात, आणि मग पाणी मागे वळविणे म्हणजे उभ्या पिकाच्या तोंडचा घास काढणे ठरते. वरच्या शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे तो याच कारणाने. त्यातच सोडलेले पाणी तापलेल्या, वाळू उपसलेल्या पात्रातून जाते आणि वाटेत बरेच मुरते. तीच वाटणी पावसाळ्यात, नदी वाहती असताना झाली असती तर हा तोटा निम्म्याहून कमी नसता काय, असा प्रश्न अभियंत्यांनीही विचारला पाहिजे.

विहिरींचे काय? डेक्कन ट्रॅपच्या काळ्या पाषाणात पाणी थोडेच साठते, पण कालव्याच्या झिरप्यावर लाभक्षेत्रातील विहिरी तुडुंब असतात. पाणीअर्ज ज्वारी-गव्हाचा आणि शेतात ऊस, हा चमत्कार या विहिरींमुळेच घडतो. धरणातील पाण्याची मोजणी होते, त्याच पाण्याने भरलेल्या विहिरीची होत नाही. मग कालव्याला अस्तर केले की गळती थांबली म्हणून एक विभाग आनंद मानतो आणि विहिरी आटल्या म्हणून दुसरा टँकरची मागणी करतो. ठिबकची कथाही अशीच आहे. ठिबकने वाचलेले पाणी नदीत राहील असे शासन गृहीत धरते; शेतकरी त्याच पाण्यावर आणखी दोन एकर भिजवितो, आणि त्याच्या जागी कोणीही तेच करील. बचत कोणाच्या खात्यावर जमा व्हावी हे आधी ठरलेले नसेल, तर कार्यक्षमता वाढूनही नदीच्या वाट्याला काहीच येत नाही.

ऊस ही या साऱ्याची नाडी आहे. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी अवघ्या चार टक्क्यांच्या आसपास असलेले हे पीक सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी पिते, असे केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने नमूद केले आहे. आणि हा दोष केवळ नगर-नाशिकचा नाही. जायकवाडीच्या लाभक्षेत्रातही ऊस फोफावला. २०८ किलोमीटरच्या डाव्या कालव्याच्या शेवटी असलेल्या परभणीकडील शेतकऱ्याने नाशिककरांइतकेच पैठणजवळच्या आपल्याच शेजाऱ्यांना जाब विचारायला हवा. नाथसागर उथळ आहे, त्याचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे आणि उन्हाळ्यात त्याचे किती पाणी वाफ होऊन जाते याची चर्चा मोर्चात होत नाही. मांजरा ही गोदावरीचीच उपनदी. तिच्या खोऱ्यातील लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातून, रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच खोऱ्यात साखर कारखानेही उभे आहेत.

खोरेनिहाय विचार करा, असे चितळे आयोगाने १९९९ सालीच सांगून ठेवले होते. राज्याची पंचवीस उपखोऱ्यांत विभागणी करून कोणते तुटीचे, कोणते विपुल हेही त्याने मांडले. २००५ च्या कायद्याने राज्य जल परिषद आणि एकात्मिक आराखडा यांची तरतूद केली. परिषदेची पहिली बैठक मात्र २०१५ साली झाली. न्यायालयाने कान टोचल्यावर आराखड्याच्या कामाला गती आली. कायद्यात ‘नदीखोरे अभिकरण’ म्हणून ज्यांची नेमणूक झाली, ती १९९६-९८ च्या काळात कर्जरोखे उभारून धरणे बांधण्यासाठी जन्मलेली महामंडळेच होती. बांधकाम करणाऱ्यानेच पाण्याचे नियोजन, वाटप आणि तंटानिवारणही करायचे, ही व्यवस्था बदलल्याशिवाय कागदावरील आराखड्याचा उपयोग बेताचाच राहील.

निराळा अनुभव याच खोऱ्यात उपलब्ध आहे, आणि तोही वरच्या बाजूला. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणाच्या टेलकडच्या शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोचतच नसे. १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये यांच्या पुढाकाराने तेथे तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी घनमापनाने मोजून घ्यायचे, पट्टी त्याप्रमाणे भरायची आणि वाटणी टेलकडून सुरू करायची, हा त्यांचा नेम. विहिरींत मुरणारे पाणीही लाभधारकांचेच मानून तिचीही पट्टी आकारण्याची प्रथा तेथे रुजली. पुढे साऱ्या लाभक्षेत्रात संस्था झाल्या व धरणाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आले. घनमापनाने पाणी देण्याची ही पद्धत २००५ च्या दुसऱ्या कायद्याने राज्यभर लागू केली; परंतु बहुतेक ठिकाणी मापनपट्ट्या गंजल्या आणि पाटकऱ्याचा अंदाज हेच माप राहिले.

गोदावरीच्या सर्व कालव्यांवर वितरिकेच्या मुखाशी असे माप बसले, विहिरी त्या हिशेबात आल्या आणि उसाच्या क्षेत्राची मर्यादा कारखान्याच्या नोंदणीपूर्वी, जूनमध्येच जाहीर झाली, तर ऑक्टोबरच्या वाटणीला बरेचसे काम उरणार नाही. नाशिक शहराचे सांडपाणीही याच हिशेबात धरावे लागेल. गंगापूर धरणातून शहर पाणी घेते आणि वापरलेले पाणी गोदावरीतच परत येते. तेच नांदूर मधमेश्वरला पोचते, जेथील पाणथळीला २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले, आणि तेथून पैठणला. छत्रपती संभाजीनगरचा नागरिक नळाला तोंड लावतो ते त्याच नदीचे पाणी.