साडेसहा इंचांचे तोंड

हैदराबादहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर चेवेळ्ळा लागते. त्या मंडलातल्या इक्कारेड्डीगुडा गावी २२ जून २०१७ रोजी संध्याकाळी दोन वर्षांचीही न झालेली मुलगी उघड्या बोअरमध्ये पडली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, खोदयंत्रे आली, कॅमेरे आले; पण अडीच दिवस झटूनही ती जिवंत हाती लागली नाही. याला 'दुर्दैवी अपघात' म्हणण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०१० रोजीच उपाय लिहून दिला होता. खोदण्याआधी पंधरा दिवस कळवायचे, काम चालू असताना काटेरी तारेचे कुंपण घालायचे, नळीभोवती सिमेंटचा ओटा बांधून तोंडाला पोलादी झाकण बसवायचे आणि सोडून दिलेला बोअर तळापासून बुजवायचा. यात न समजण्यासारखे काही नाही.

मग तोंडे उघडी का राहतात? याचे उत्तर बेफिकिरीपेक्षा शेतकऱ्याच्या हिशेबात सापडते. कठीण खडकात बोअर साधारण सहा-साडेसहा इंचांचा असतो आणि केसिंग, म्हणजे कडा धरून ठेवणारा पाइप, फक्त वरच्या भुसभुशीत थरापुरते घालतात. बोअर फेल गेला की पैसे बुडालेलेच असतात. त्यातले केसिंग तेवढे उपसून पुढच्या बोअरला वापरता येते. पाइप निघाला की जमिनीच्या पातळीला एक बीळ उरते. मोठ्या माणसाचा पायही त्यात जेमतेम जाईल, तान्हे मूल मात्र आख्खे जाते. बुडालेल्या पैशांवर आणखी खर्च करून ते कोण बुजवणार?

आईबापांनी लक्ष ठेवायला नको का, असे कोणी विचारेल. ठेवावेच. पण मजुरीवर गेलेल्या आईच्या नजरेवर उभी केलेली सुरक्षा फार तकलादू असते. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने १९७२ मध्ये 'मुलांना उडता येत नाही' या अर्थाच्या नावाची मोहीम काढली. पडलेल्या मुलांची नोंद आणि घरभेटी तर होत्याच, पण उपदेशावर न थांबता खात्याने खिडक्यांचे गज फुकट वाटले. ब्राँक्स भागात खिडकीतून पडण्याच्या नोंदी १९७३ ते १९७५ या काळात निम्म्यावर आल्या, आणि १९७६ मध्ये लहान मुले असलेल्या घरांना गज बसवणे घरमालकांवर बंधनकारक झाले. आया पूर्वीच्याच होत्या. बदलली ती खिडकी.

इकडे बोअर महसूल आणि पंचायतीच्या कागदांत अडकतो, आरोग्य खात्याच्या वहीत त्याला जागा नाही. वास्तविक आशा आणि अंगणवाडी सेविका लहान मूल असलेल्या घरी जातातच. लसीच्या तारखेशेजारी 'जवळ उघडा बोअर आहे का' एवढा रकाना वाढवला आणि बुजवण्याचा खर्च पंचायतीने उचलला, तर शेतकऱ्यालाही लपवण्याचे कारण उरणार नाही. विनापरवाना बोअर सापडणार कसे, ही शंका रास्त आहे. अविभाजित आंध्रच्या २००२ च्या जल, भूमी आणि वृक्ष कायद्यात बोअर खोदणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजे रिगच्या मालकांची नोंदणी आहे, म्हणजे विचारायचे कोणाला हे तरी ठरलेले आहे. आणि रिग कुणाच्या शेतात उभी राहिली, हे रात्रभर चाललेल्या घरघरीवरून अख्ख्या गावाला कळलेले असते.