आज मुक्काम किती मीटरवर?

बोलिव्हियाला तीन आठवडे जायचं ठरलं की पहिली चूक बहुधा तिकीट काढतानाच होते. ला पाझ हे नाव ओळखीचं, म्हणून थेट ला पाझचं तिकीट. तिथला विमानतळ शहराच्या डोक्यावर, एल आल्तोला आहे. उंची ४,०६१ मीटर, म्हणजे जवळजवळ अडीच कळसुबाई एकावर एक. मुंबईहून निघालेला माणूस विमानं बदलत, झोपेचं खोबरं करून, साडेनऊ तासांचा वेळफरक अंगावर घेऊन तिथे उतरतो आणि बॅग उचलून चार पावलं टाकतो न टाकतो तोच धाप लागते.

वर ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो. खरं तर हवेतलं त्याचं प्रमाण सगळीकडे तेच, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. ला पाझला तो समुद्रकिनाऱ्याच्या साधारण दोन तृतीयांश, आणि एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. शरीर मग जोरजोरात श्वास घेतं. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो, झोपेत तर जास्तच. मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात, पण त्यांना काही दिवस लागतात. डोकेदुखी, मळमळ, तुटक झोप ही त्या मधल्या दिवसांची. डायमॉक्सची गोळी मूत्रपिंडांचं हेच काम लवकर सुरू करून देते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, सल्फाची ॲलर्जी असेल तर नक्कीच. कोकाच्या पानांचा चहा तिथे कायदेशीर आहे आणि जागोजागी मिळतो. खुशाल प्या, पण त्याला औषध समजू नका, आणि उरलेली पानं आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. भारतात ती अमली पदार्थांच्या कायद्यात येतात.

लडाखला जाऊन आलेल्यांना वाटतं, आपल्याला सवय आहे. ती सवय खाली आल्यावर काही आठवड्यांत उतरून जाते.

तेव्हा एक कोरा कागद घ्या आणि प्रेक्षणीय स्थळांच्या आधी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची लिहा. नियम असा की ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. दिवसा वर जाऊन यावं, झोपायला खाली यावं. बोलिव्हियात हा नियम तंतोतंत पाळता येत नाही, कारण गावंच तशी वसली आहेत. पण कुठे मोडतोय हे कागदावर दिसतं.

माझी आखणी अशी. उतरायचं सांता क्रूझला, ४१६ मीटरवर. दोन रात्री फक्त झोप भरून काढायची. तिथून विमानाने सुक्रेला, २,८१० मीटर. पांढऱ्या भिंतींचं, लाल कौलांचं हे गाव म्हणजे देशाची घटनात्मक राजधानी. इथे चार रात्री द्या, त्यात एक रविवार येऊ द्या, म्हणजे ताराबुकोचा आठवडी बाजार साधेल. घाई करणारे सुक्रे एका दिवसात उरकतात. पुढच्या चढाचं भाडं ते नंतर भरतात.

पुढे पोतोसी. १५४५ साली चांदी सापडली आणि स्पेनच्या साम्राज्याची तिजोरी भरली, तो सेरो रिको डोंगर याच गावावर उभा आहे. पण गाव ४,००० मीटरच्या वर आहे. म्हणून सकाळी सुक्रेहून निघावं, जुनी टांकसाळ बघावी आणि रात्रीच्या आत उयुनी गाठावं, कारण उयुनी ३,६५० मीटरवर आहे. तरीही सुक्रेच्या मानाने ही उडी मोठीच. तिथे दोन रात्री थांबा.

उयुनीचं मिठाचं मैदान दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. तीन दिवसांच्या जीप सफरीत पहिला मुक्काम बहुधा मिठाच्या विटांच्या हॉटेलात होतो, तो सोपा. दुसरा लाल पाण्याच्या लागुना कोलोरादाच्या आसपास, सुमारे ४,३०० मीटरवर. जवळ दवाखाना नाही, थंडी कडाक्याची. सगळ्या प्रवासातली सांभाळायची रात्र ही एकच, आणि आधीचे सगळे मुक्काम तिच्यासाठी. स्वस्थ बसूनही धाप लागली किंवा चालताना झोक जायला लागला तर उजाडायची वाट न बघता खाली उतरायचं, हे चालकाशी निघतानाच बोलून घ्या.

ला पाझ आता दहा दिवसांनी येतं, आणि ते मजेचं वाटतं. २०१४ पासून इथे रोपवेच शहरातली लोकल आहे. दिवसभर तिने वर-खाली फिरा, मुक्काम मात्र खालच्या सोना सुरमध्ये करा. पाणी इथे ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजेल ही आशा नको. तितिकाका सरोवर ३,८१२ मीटरवर आहे. त्याच्या काठचं कोपाकाबाना आणि इस्ला देल सोल बेट मिळून तीन रात्री.

महिना कोणता? मैदानात आकाश उतरलेलं फोटोत दिसतं ते जानेवारी ते मार्चच्या पावसाचं. तेव्हा पाणी जास्त झालं तर मधल्या निवडुंगांच्या बेटावर जाता येत नाही. जून-जुलैत रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. आपल्या शाळांच्या सुट्टीतला मे महिना कोरडा असतो, थंडीही अजून ऐन भरात आलेली नसते.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. बोलिव्हियातून परतताना प्रमाणपत्र नसेल तर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

आणि 'ब्लोकेओ' हा शब्द शिकून ठेवा: रास्ता रोको. तिथे तो एखादा दिवस चालतो तसा आठवडाही चालतो. म्हणून शेवटचे तीन दिवस मोकळे ठेवून सांता क्रूझला परता. रस्ते सुरळीत असले तर ते दिवस मोटारीने तीन तासांवरच्या सामाइपाताला घालवा. तिथे एका अवाढव्य खडकावर इंकांच्याही आधीचं कोरीवकाम आहे, आणि गावाची उंची साधारण एकाच कळसुबाईची.