गाळलेल्या जागा

पंक म्हटलं की आरडाओरडा आणि करकरीत गिटार. डिस्को म्हटलं की झगमगाट, व्हायोलिनांचा ताफा आणि रात्रभर नाच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये यातल्या एका बाजूच्या अनेक चाहत्यांना दुसरी बाजू ऐकवत नव्हती. तरीही त्याच शहरात या दोहोंचं एक अपत्य वाढत होतं, ज्याला पुढे ‘डान्स-पंक’ हे नाव चिकटलं. त्याबद्दल लिहिताना ‘फ्यूजन’ हा शब्द हमखास येतो. एकात दुसरं ओतलं की तिसरं तयार, असा त्यामागचा हिशेब. ईएसजी हा बँड ऐकला की हा हिशेब चुकतो. त्यांच्या संगीतात इतक्या प्रकारांचे पाहुणे नांदतात, ते त्यांनी जागा मोकळी सोडली म्हणून.

१९७८च्या सुमारास साउथ ब्रॉन्क्समध्ये स्क्रॉगिन्स बहिणींनी हा बँड सुरू केला. तेव्हा त्या भागात इमारतींना आगी लागणं नेहमीचं झालं होतं, आणि मुली रस्त्यावरच्या भानगडींपासून लांब राहाव्यात म्हणून आईने त्यांना वाद्यं आणून दिली. नावातला ‘ई’ एमराल्डचा आणि ‘एस’ सफायरचा, म्हणजे व्हॅलेरी आणि रेने या बहिणींची जन्मरत्नं. ‘जी’ गोल्डचा: गोल्ड रेकॉर्ड मिळवायची, ही उमेद. शेजारच्या बागेत लॅटिन मंडळी काँगा वाजवत, तो ठेका घरात ऐकू येई. घरात फंक गायक जेम्स ब्राउनची गाणीही वाजत. त्याच्या गाण्यांत एक टप्पा येतो, जिथे बाकीची वाद्यं मागे सरतात आणि बेस व ड्रम्स तेवढे उरतात. रेनेला ओढ होती ती त्या टप्प्याचीच. तिला अख्खं गाणं तेवढ्याचंच हवं होतं. म्हणून ईएसजीच्या गाण्यात बेसची दोन-तीन सुरांची फिरत, ड्रम्स, काँगा आणि मोजके शब्द एवढाच ऐवज असतो. मधली शांतताही तालात मोजलेली.

यावर कुणी म्हणेल, गरिबीला शैली म्हणू नका. शिकवणी नाही, पैसा नाही, मग संगीत उघडंवाघडं असणारच. यात थोडं तथ्य आहे. पण साधनं तुटपुंजी असलेले बँड त्या काळी पैशाला पासरी होते आणि बहुतेकांनी ती उणीव गोंगाटाने झाकली. या बहिणींनी ती झाकली नाही, आणि १९८३मध्ये ‘कम अवे विथ ईएसजी’ हा पहिला अल्बम आला तेव्हाही तोच सडेपणा राखला. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: हे पंक कुठून? या मुली त्या पंथाच्या नव्हत्याच. खरं आहे, लेबल त्यांना बाहेरून लागलं. मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सच्या टोनी विल्सनने त्यांना न्यूयॉर्कमध्ये ऐकलं आणि जॉय डिव्हिजन या बँडचा निर्माता मार्टिन हॅनेट याच्याकडे ध्वनिमुद्रण सोपवलं. १९८२मध्ये मँचेस्टरच्या हासिएंडा क्लबच्या उद्घाटनाच्या रात्री त्या वाजवत होत्या. इकडे न्यूयॉर्कच्या पॅरेडाइज गराज क्लबमध्ये, जिथे प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिन समलिंगी मंडळी नाचत, डीजे लॅरी लेव्हॅन त्यांचंच ‘मूडी’ लावत होता. दोन्हीकडे गाणी त्याच बँडची. पंकवाल्यांना त्यातला सडेपणा आपला वाटला, नाचणाऱ्यांना ठेका.

मोकळ्या जागेत कुणीही शिरतं, हा मात्र याच गुणाचा तोटा. हॅनेटच्या ध्वनिमुद्रणात टेपवर तीनेक मिनिटं शिल्लक राहिली, म्हणून ‘यूएफओ’ ही रचना वाजवली गेली, असं रेने सांगत आली आहे. या रचनेच्या सुरुवातीचा तो सायरनसारखा विव्हळणारा आवाज पब्लिक एनिमी, बिग डॅडी केन, नोटोरियस बी.आय.जी. अशा कितीतरी रॅपर्सच्या गाण्यांत कापून चिकटवलेला सापडतो. कापणं सोपंही होतं. त्यावर दुसऱ्या वाद्यांचा थर नव्हता, खरवडावं लागेल असं काही नव्हतं. ऐंशीच्या दशकात अशा उचलेगिरीवर कायद्याचा धाक फारसा नव्हता, आणि मूळ वाजवणाऱ्यांच्या हाती बराच काळ नावापलीकडे काही पडलं नाही. १९९२मध्ये त्यांनी एक ईपी काढली. तिचं नावच मुळी ‘सॅम्पल क्रेडिट्स डोन्ट पे अवर बिल्स’: श्रेयनामावलीत नाव छापलंत, त्याने आमची बिलं भागत नाहीत.