स्नॉर्केलिंगचा आरंभीचा इतिहास

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळे व नाक झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरलेली आखूड वाकडी नळी आणि पायांत रबरी फिन घालून पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगत खालचे जलविश्व न्याहाळण्याची क्रिया होय. यातील नळीस स्नॉर्केल म्हणतात. हौशी क्रीडा म्हणून स्नॉर्केलिंगचा उदय १९३० च्या दशकात मुख्यतः फ्रान्सच्या भूमध्य सागरी किनाऱ्यावर झाला. तिच्या मुळाशी निसर्गनिरीक्षण नव्हते, मासे भोसकण्याची हौस होती. निरीक्षणाची गोडी नंतर लागली.

पूर्वपीठिका

पाण्याबाहेर टोक ठेवलेल्या नळीतून श्वास घेण्याची कल्पना फार जुनी आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या अवयवांविषयी लिहिताना हत्तीच्या सोंडेची तुलना पाणबुड्यांच्या श्वसनसाधनाशी केली आहे. लिओनार्दो दा व्हिंचीच्या टिपणवह्यांतही पाणबुड्यासाठी योजलेल्या नळ्यांची रेखाटने आढळतात. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात, लहानपणी, हातांत धरण्याच्या लंबवर्तुळाकार लाकडी फळ्या बनवल्या होत्या व पायांसाठीही तशाच फळ्या करून पाहिल्या होत्या. हातांच्या फळ्यांनी वेग वाढला, पण मनगटे दुखू लागली, असे त्याने नमूद केले आहे.

नळीची मर्यादा

मग माणूस लांब नळी घेऊन खोल पाण्यात का उतरू शकला नाही? पाण्यात दर १० मीटर खोलीस सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे एक मीटर खोलीवरही छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जादा भार येतो, आणि छातीचा विस्तार ध्यानात घेता एकूण भार कित्येक किलोग्रॅम भरतो. नळीतून येणारी हवा मात्र पृष्ठभागावरील दाबाचीच असते. हा भार उचलून छाती फुगवण्याचे काम एकट्या श्वसनस्नायूंवर पडते, आणि एक मीटरच्या आसपासच ते हतबल होतात. त्याहून खोल जाण्याचा हट्ट हृदय व फुप्फुसांस घातक ठरू शकतो. दुसरी अडचण उच्छ्वासाची आहे. नळी जितकी लांब व रुंद, तितकी वापरलेली हवा तिच्यात साठून राहते आणि पुढच्या श्वासाबरोबर तीच परत आत जाते.

वेळूची पोकळ नळी तोंडात धरून तळ्याच्या तळाशी लपलेला नायक कथा-चित्रपटांत शोभतो. प्रत्यक्षात त्याला जेमतेम डोके बुडेल इतक्याच पाण्यात लपता आले असते. महाभारतकारांनी दुर्योधनास द्वैपायन सरोवरात लपवताना पाणी मायेने स्तंभित केल्याचे सांगितले आहे, आणि ती योजना नळीपेक्षा अधिक सुसंगत म्हणावी लागेल. सारांश, स्नॉर्केल हे बुडी मारण्याचे साधन नव्हे. मान पुन्हा पुन्हा वर न काढता पृष्ठभागावरून खाली पाहत राहता यावे, एवढेच त्याचे काम.

भूमध्य किनाऱ्यावरील हौशी मंडळी

उघड्या डोळ्यांना पाण्याखाली सारे धूसर दिसते, कारण डोळ्याच्या पारदर्शक पटलाची प्रकाश वाकवण्याची शक्ती पाण्यात जवळजवळ नाहीशी होते. डोळ्यांपुढे हवेचा थर ठेवला की दृष्टी स्वच्छ होते, फक्त वस्तू थोड्या मोठ्या व जवळ भासतात. जपानमधील पाणबुड्या स्त्रिया, ज्यांना ‘आमा’ म्हणतात, फार पूर्वीपासून जलचष्मे वापरत होत्या. युरोपात गाय गिलपॅट्रिक या अमेरिकी लेखकाने या छंदाचा गाजावाजा केला. हा एकेकाळचा वैमानिक फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर राहत असे. त्याने आपला जुना वैमानिकी चष्मा लांबीने बुजवून जलरोधक केला आणि भाला घेऊन समुद्रात उतरला. १९३८ मध्ये त्याने या छंदावर ‘द कम्प्लीट गॉगलर’ हे पुस्तक लिहिले. त्याचे नाव आयझॅक वॉल्टनच्या गळाच्या मासेमारीवरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाच्या नावावर बेतलेले आहे.

१९३६ मध्ये तुलाँजवळील समुद्रात जाक-ईव्ह कुस्तो या तरुण नौदल अधिकाऱ्याने फर्नेझ पद्धतीचा जलचष्मा लावून प्रथमच पाण्याखाली पाहिले. पुढे समुद्रसंशोधक म्हणून तो जगप्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी हान्स हास हा व्हिएन्नाचा विद्यार्थी या किनाऱ्यावर गिलपॅट्रिकला मासे मारताना पाहून भारावून गेला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सान दिएगो येथे १९३३ मध्येच ‘बॉटम स्क्रॅचर्स’ हे हौशी पाणबुड्यांचे मंडळ स्थापन झाले होते. त्याचे सदस्य रबरी नळीचे तुकडे व काचा जोडून घरच्या घरी चष्मे तयार करीत.

चष्म्याकडून मुखवट्याकडे

जलचष्म्यात एक मोठा दोष होता. खाली जाताना बाहेरचा दाब वाढे, पण चष्म्यातील हवा तेवढीच राही. त्यामुळे चष्मा डोळ्यांभोवती रुतत असे व डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटण्याचा धोका असे. शिवाय दोन काचा एका पातळीत नसल्यास एकाच माशाचे दोन मासे दिसत, आणि भाला नेमका कोणावर टाकावा हा प्रश्न पडे! काही कारागिरांनी चष्म्याला रबरी फुगे जोडून दाब साधण्याचा प्रयत्न केला. खरा तोडगा निघाला तो एकाच काचेच्या मुखवट्यात नाकही सामावून घेतल्यावर. नाकातून थोडी हवा सोडली की आतला दाब बाहेरच्या दाबाबरोबर येतो. १९३८ च्या सुमारास नीस येथील मॅक्सिम फोर्जो याने अशा मुखवट्याचे पेटंट घेतले. मात्र याच काळात त्या किनाऱ्यावर अनेकजण एकमेकांचे पाहून सुधारणा करीत होते, त्यामुळे एकाच व्यक्तीस जनकत्व बहाल करणे योग्य नाही.

पुढे इटलीत लुईजी फेरारो याने क्रेस्सी या जिनोव्हाच्या कंपनीसाठी ‘पिनोक्किओ’ मुखवटा घडवला. १९५० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या या मुखवट्यात नाकासाठी मऊ रबराचा स्वतंत्र खोबणा होता. बोटांनी नाकपुड्या दाबून कानांतील दाब मोकळा करणे त्यामुळे शक्य झाले. आजचे बहुतेक मुखवटे याच तत्त्वावर बनतात.

फिन

फिनचे श्रेय मात्र निश्चितपणे देता येते. लुई द कोर्लियू या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९१४ मध्ये त्यांचे प्रात्यक्षिक दाखवले, १९३३ मध्ये पेटंट घेतले आणि काही वर्षांनी पॅरिसमधील आपल्या घरीच उत्पादन सुरू केले. ओवेन चर्चिल या अमेरिकी शिडनौकापटूने त्याच्याकडून परवाना घेऊन १९४० मध्ये अमेरिकेत रबरी फिन विक्रीस आणले. ताहिती बेटावरील पोहणाऱ्यांची पायांना बांधलेली पानांची फिन त्याने पाहिली होती. पहिल्या वर्षी हजार जोडही खपले नाहीत. पण दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या नौदली पोहणाऱ्यांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरली आणि युद्धानंतर ती सामान्य जनांपर्यंत पोहोचली.

नाव आणि नळीचे रूप

पोहणाऱ्यांची नळी आधी आली, तिचे नाव मागाहून. मुळात ‘श्नॉर्केल’ हा जर्मन नाविकांच्या बोलीतील नाकासाठीचा शब्द असून घोरण्याच्या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते आहे. पाणबुडी न वर आणता इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळीस हे नाव मिळाले. ती योजना डच नौदलाची होती. १९४० मध्ये हॉलंड पडल्यावर ती जर्मनांच्या हाती आली व युद्धाच्या उत्तरार्धात त्यांच्या पाणबुड्यांवर बसवली गेली. युद्धोत्तर काळात पोहणाऱ्यांच्या नळीसही तेच नाव चिकटले.

१९५० च्या दशकात टोकाशी जाळीत चेंडू बसवलेल्या नळ्या व मुखवट्यालाच जोडलेल्या नळ्या बाजारात आल्या. बुडी मारताच चेंडूने तोंड बंद व्हावे, ही योजना दिसायला आकर्षक होती; परंतु चेंडू अडकला की हवा तुटे, आणि मुखवट्यात पाणी शिरले की दृष्टी व श्वास दोन्ही एकदमच जात. नवशिक्यास ही खेळणी जीवघेणी ठरू शकत होती. जाणकार मंडळे साध्या वाकड्या नळीचाच आग्रह धरीत, आणि त्यांचे म्हणणेच टिकले. ब्रिटनने १९६९ मध्ये स्नॉर्केल व मुखवट्यांसाठी मानक प्रसिद्ध केले. नंतरच्या युरोपीय मानकाने नळीची लांबी सुमारे ३८ सेंटिमीटरपर्यंत मर्यादित केली.

भाल्याकडून निरीक्षणाकडे

हान्स हासने १९३९ मध्ये कॅरिबियन समुद्रातील क्युरासाओ व बोनेअर या बेटांची सफर केली, तेव्हा भाल्याबरोबर त्याच्याकडे जलरोधक पेटीतील कॅमेराही होता. त्याची छायाचित्रे व पुस्तके यांमुळे प्रवाळांचे जग घराघरांत पोहोचले. दरम्यान किनाऱ्यालगतचे मोठे मासे विरळ होऊ लागले होते आणि उरलेले माणसाला ओळखून दूर राहू लागले होते. संरक्षणाचे उपाय योजले गेले, ते बरेच उशिरा. १९६१ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांतील बक बेटाभोवतीचा प्रवाळमंच राष्ट्रीय स्मारक घोषित झाला आणि तेथे पोहणाऱ्यांसाठी पाण्याखाली माहितीफलकांची वाट आखण्यात आली. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. किल्ल्यालगतच्या उथळ खडकाळ पाण्यात आज पर्यटक स्नॉर्केलिंग करतात.