जुन्या वाड्यांच्या भिंती : चुना, माती की सिमेंट?

सातारा, वाई, सांगली, मिरज येथील जुन्या पेठांत व्यापारी कुटुंबांचे वाडे अजून उभे आहेत. रस्त्याकडे पेढी, आत चौक, वर माडी अशी त्यांची मांडणी असते. या वाड्यांचा मुख्य भार सागवानी खांब, तुळया व कडीपाट यांवर असतो. भिंत बहुधा मातीची किंवा कच्च्या विटांची, म्हणजे भेंड्यांची असून ती या लाकडी सांगाड्याला बिलगून उभी असते. त्यामुळे आतल्या भिंतीला काय लावावे, हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. गिलाव्याची निवड चुकली, तर त्याची किंमत खांबाला मोजावी लागते.

माती व चुना यांत सूक्ष्म छिद्रे असतात. पायातून चढलेली किंवा पावसाने मुरलेली ओल त्यांतून हळूहळू बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा दाट असतो. मातीच्या भिंतीवर तो चढवला की ओल आत कोंडते आणि लाकडाकडे वळते. वरून भिंत स्वच्छ दिसते, पण आत खांबाचा बुंधा कुजू लागतो व वाळवीला वाट मिळते. ऑइल पेंटचा थरही हेच करतो. कालांतराने रंगाला फुगे येतात, लोणा लागतो आणि पोपडे पडतात.

या दोन जिल्ह्यांत ओलीची रूपे वेगळी आहेत. साताऱ्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे हवेतला दमटपणाच भिंतीला छळतो. सांगलीत पाऊस पुष्कळ कमी, पण कृष्णेचा पूर घरात येतो. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ आणि २०२१ या वर्षीही महापूर आला. अशा घरांत जिप्सम बोर्ड भिजून विरतो, साध्या प्लायवुडचे थर सुटतात. चुन्याचा गिलावा मात्र नीट वाळू दिल्यास बहुधा टिकतो.

चुनखडी भाजायची, पाण्यात विरवायची, वाळूसह घाणीत मळायची आणि पातळ थरांनी भिंतीवर चढवायची, ही जुनी रीत. गूळ, बेलफळाचे पाणी, हिरडा यांचा त्यात वापर होई. हवेतील कर्बवायू शोषून चुना पुन्हा दगडासारखा होतो. म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो. त्याच्या क्षारधर्मामुळे बुरशी सहसा धरत नाही. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणवीसांच्या वाड्यात अठराव्या शतकातील भित्तिचित्रे आजही पाहता येतात.

जैन कुटुंबांनी येथे आणखी एक विचार करावा. पेढीवर लोडाला टेकून बसणाऱ्याच्या अंगरख्याला सफेदी लागू नये, म्हणून चुन्यात चिकटद्रव्य घालण्याची पद्धत आहे. त्यासाठी वापरला जाणारा सरस प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतो. त्याऐवजी बाभळीचा डिंक घालता येतो. लाकडाच्या फ्रेंच पॉलिशमधील चपडा हे लाखकिड्यांचे द्रव्य आहे. खांब, तुळया, कोरीव महिरपी यांना जवसाचे तेल पातळ हाताने चोळले, तर लाकूडही सुरक्षित राहते आणि अहिंसेचे व्रतही. गवंडी वा रंगाऱ्याशी बोलताना हे आधीच स्पष्ट करावे, कारण तयार मालाच्या डब्यावर घटकांची नोंद असतेच असे नाही. ओली भिंत शेवाळ, बुरशी व कीटक यांचे घर होते. भिंत कोरडी राखणे हीदेखील जीवदयाच होय.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कौले, पन्हाळी व चौकातील पाण्याचा निचरा दुरुस्त करावा. मग लाकडाची डागडुजी, नंतर गिलावा आणि शेवटी रंग. पुरानंतर घाईने रंगकाम काढू नये. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला थेंब जमले, तर भिंत अजून ओली आहे असे समजावे. ज्या खोल्यांत पूर्वीच सिमेंट लावले आहे, तिथे निदान खांबाभोवतीचा गिलावा काढून लाकडाला हवा मिळू द्यावी. लाकडी तक्ते लावायचे असल्यास भिंत व तक्ता यांमध्ये वारा खेळेल एवढी फट ठेवावी.

चुन्याचे काम संथ आहे, जाणते कारागीर थोडे आहेत आणि पहिला खर्च अधिक येतो, हे खरे. परंतु व्यापारी माणूस मालाची किंमत केवळ खरेदीच्या दरावरून ठरवत नाही. तो टिकाऊपणा, घट आणि पुढची देखभाल यांचाही हिशेब मांडतो. सागवानी खांब बदलण्याचा खर्च त्या हिशेबात धरला, की आज स्वस्त वाटणारा गिलावा महाग ठरतो.