प्राणवायूच घात करतो तेव्हा

लकडगंजातील आम्हां लोकांना आगीची रीत कुणी शिकवावी लागत नाही. बंद वखारीत लाकूड धुमसत असावे, कुणी एकदम दार उघडावे, की वारा आत शिरून भडका उडतो. गेल्या साली माझ्या मामांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी असेच काहीसे सांगितले. तुंबलेली धमनी त्यांनी फुग्याने उघडली होती. पण परतलेल्या रक्तानेही हृदयाला थोडी इजा होते, असे ते म्हणाले. मामी घाबरल्या. "मग उघडली तरी कशाला रे?"

प्रश्न रास्तच होता. पण धमनी बंदच राहिली, तर तिच्या वाट्याचा बहुतेक स्नायू काही तासांत मरतो. परतलेल्या रक्ताची इजा त्यापुढे थोडी. तेव्हा दार उघडायचेच, आणि तेही लवकर.

मला कुतूहल वाटले ते निराळेच. ही इजा करणारा चोर पकडला कुणी?

चोराचे नाव मुक्त मूलक. रेणूंतील इलेक्ट्रॉन सहसा जोडीने नांदतात. ज्याच्यापाशी एकटा इलेक्ट्रॉन उरतो तो रेणू जोडीदारासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओरबाडतो, पेशीचे पापुद्रेदेखील सोडत नाही. पण त्याचे आयुष्य बहुधा क्षणाहूनही थोडे. तो मोजायचा कसा?

१९४४ साली रशियातील कझान येथे झावोइस्की यांनी शोधून काढले होते, की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला असा एकटा इलेक्ट्रॉन ठरावीक लहरी शोषून घेतो. हीच युक्ती १९८७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये झ्वायर, फ्लॅहर्टी आणि वाइसफेल्ट यांनी सशाच्या हृदयावर चालवली. शरीराबाहेर काढलेले हृदय प्राणवायू मिसळलेल्या क्षारद्रवावर धडधडत ठेवायचे, दहा मिनिटे तो प्रवाह तोडायचा, पुन्हा सोडायचा, आणि नेमक्या क्षणी थंडगार चिमट्यात दाबून ते गोठवायचे. द्रवरूप नायट्रोजनची थंडी म्हणजे शून्याखाली १९६ अंश! तिथे मूलकही जागच्या जागी थिजतात. प्रवाह परतल्यावर अवघ्या दहा सेकंदांच्या सुमारास त्यांची खूण सर्वांत ठळक उमटली. त्या द्रवात रक्ताचा थेंब नव्हता, हे ध्यानात घ्या. म्हणजे रक्ताविनाही हा उत्पात घडतो.

शंकेखोरांनी लगेच बोट ठेवले. गोठलेला स्नायू कुटून त्याची पूड केली, तर कुटण्यानेच नवे मूलक जन्मतात! मग न कुटलेले तुकडे तपासण्यात आले. मूलकांना धरून ठेवणारी रसायनेही वापरली गेली. आरोप टिकला. माझ्या मते या कथेतला सर्वांत मोलाचा भाग हाच. शंका घेणारे नसते तर निम्मे श्रेय कुटणीलाच गेले असते.

२०१४ साली केंब्रिजचे मर्फी आणि सहकारी यांनी उंदरांवरील प्रयोगांतून जळणही दाखवले: प्रवाह बंद असताना पेशींत सक्सिनेट नावाचे द्रव्य साठते, आणि प्राणवायू येताच ते भराभर जळून मूलक उसळतात.

चोर सापडल्यावर बंदोबस्त सोपा वाटावा. सुपरऑक्साइडचा निचरा करणारे विकर मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ सालीच ओळखले होते, आणि सशाच्या हृदयाला त्याने आराम पडला होता. फ्लॅहर्टी आणि सहकाऱ्यांनी ते झटक्याच्या रोग्यांना देऊन पाहिले. १९९४ साली निकाल छापून आला: हृदयाच्या कामात फरक पडला नाही. औषधांच्या दुकानातील रंगीत 'अँटिऑक्सिडंट' डब्या मामींनी मागवल्या होत्या, त्या मी परत करवल्या.